लॉर्ड केल्डन यांचा थोरला मुलगा

मृत्युलेखाला एक शेवटचं वाक्य असतं. माणूस कुठे जन्मला, कोणतं काम केलं, कशाने गेला हे वर येऊन जातं. खाली उरतं ते मागे कोण आहे एवढंच. साधारण माणसाच्या बाबतीत हे वाक्य कोणी वाचत नाही. इंग्रज सरदाराच्या बाबतीत लोक तेच आधी वाचतात, कारण किताब कोणाकडे गेला ते त्यात असतं. कुवेतमधल्या एका इंग्रजी दैनिकाच्या डेस्कवर माझी नोकरी झाली आणि तिच्यातला काही भाग असली वाक्यं तपासण्यात गेला. गेल्या वर्षी निवृत्त होऊन नाशिकला परतलो. त्यातलं एक वाक्य अजून मिटलेलं नाही.

नाशिकच्या माणसाचा इंग्रज सरदारांशी काय संबंध, असा प्रश्न पडेल. संबंध एका तक्रारीमुळे आला. कुवेत शहराच्या मिरकाब भागात एका जुन्या इमारतीत आमचं कार्यालय होतं. डेस्कवर दोन मल्याळी, एक गोवेकर, एक श्रीलंकेचा आणि मी. मुख्य उपसंपादक कुरियन, कोट्टायमचे. आमचे वाचक बहुतेक भारतीय आणि फिलिपिनो. इंग्रज थोडे, पण तक्रारी सर्वांत जास्त त्यांच्या. एकदा दौऱ्यावर आलेल्या एका उमरावाच्या पत्नीच्या नावात आम्ही 'लेडी'च्या पुढे तिचं पहिलं नाव घातलं. तसं नाव उमरावाच्या मुलीचं लिहितात, पत्नीचं नाही. म्हणजे आमच्या अंकात ती बाई नवऱ्याची मुलगी झाली होती.

कुरियननी ते पत्र माझ्या टेबलावर टाकलं.

"शेख लोगों के नाम में हम एक बिंदी नहीं छोड़ते. इन्होंने क्या पाप किया? तू शिवाजी महाराज के मुल्क का है, तेरे यहाँ सरदार बहुत थे. आज से ये तेरा डिपार्टमेंट."

माझे आजोबा पोस्टात होते. ते सांगून उपयोग नव्हता.

कुरियन यांचे दोन नियम होते. पहिला, छापलेली माहितीही पुन्हा घरच्यांना विचारायची. दुसरा, सुधारणा मागणाऱ्या प्रत्येकाला उत्तर द्यायचं: एक तर सुधारणा छापायची, नाही तर का छापणार नाही ते सांगायचं. पहिला नियम मी शेवटपर्यंत पाळला. दुसऱ्याला एक अपवाद झाला.

धंद्याचं गणित थोडक्यात असं. किताब सनदेने जन्माला येतो. राजा सनद देतो, तिच्यात किताबाचं नाव असतं आणि तो पुढे कोणाकडे जाईल हेही असतं. बहुतेक सनदांत पुढचा धनी म्हणजे औरस मुलगा, त्यातही पहिला. मुलीला नाही. दत्तकाला नाही, आपल्याकडे संस्थानिकांच्या गाद्या दत्तकाने वाचत, तशी सोय इथे नाही. आईबापांनी लग्न करण्याआधी झालेल्या मुलालाही नाही, मग त्यांनी नंतर लग्न केलेलं असो. मुलगे नसतील तर भाऊ, मग चुलत्यांची पाती, असं करत मूळ पुरुषाच्या पुरुष वंशजांतून तो फिरतो. शेवटचा पुरुष गेला की किताब संपला. तो विकता येत नाही, बक्षीस देता येत नाही, मृत्युपत्रात लिहिता येत नाही. वारस जिवंत असून त्याने हक्क सिद्ध केला नाही, तर किताब झोपून राहतो. झोपलेला आणि संपलेला यांत फरक आहे. तो चुकला की पत्रं येतात.

हे कळायला लागल्यावर गिऱ्हाइकंही यायला लागली. आमच्या ओळखीचे एक कामत होते. सुट्या भागांचं दुकान, मंडळाच्या गणेशोत्सवाला सढळ हात. एक दिवस चौकट घेऊन कार्यालयात आले. त्यांनी इंटरनेटवरून स्कॉटलंडमध्ये चटईएवढी जमीन विकत घेतली होती आणि विकणाऱ्याने त्यांना लॉर्ड केलं होतं. उत्सवाच्या बातमीत नावाआधी 'लॉर्ड' छापावं, एवढीच विनंती होती.

"हे बघा, सर्टिफिकेट. सही आहे, शिक्का आहे."

"कामत, चौकट छान आहे."

"म्हणजे काय?"

"म्हणजे तुम्ही चटई घेतलीत. राजाने काही दिलं नाही."

"पण बायकोला मी लेडी कामत म्हणून सांगून बसलोय हो!"

"घरी म्हणा. घरातलं बोलणं आम्ही तपासत नाही."

ते रागावून गेले आणि पुढच्या वर्षी उत्सवाच्या बातमीत साधे कामत म्हणून हसतमुखाने आले. घरी काय म्हणत असत, ते विचारलं नाही.

खरा लॉर्ड आमच्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर होता. दस्मानला समुद्राकडे तोंड असलेल्या एका इमारतीत एडवर्ड नावाचे सागरी सर्व्हेअर राहत. बंदरात जहाज लागलं की माल किती आला, किती भिजला, दोष कोणाचा, हे ठरवणारा माणूस म्हणजे सर्व्हेअर. तरुणपणी शुवैख बंदरात काम करताना त्यांची हर्णैच्या एका व्यापाऱ्याशी दोस्ती झाली, मग त्या घरात येणंजाणं, आणि मग त्याच्या बहिणीशी, रशिदाभाभींशी, लग्न. लग्नाआधी त्यांनी इस्लाम स्वीकारला आणि इद्रीस हे नाव घेतलं. हर्णैची माणसं त्यांना इद्रीसभाई म्हणत. एडवर्ड मोडकं मराठी बोलत, भाकरी आणि सुक्या मासळीचं कालवण खात. त्यांच्या पणजोबांना जहाजांचे बॉयलर बनवण्याबद्दल बॅरन केल्डन हा किताब मिळाला होता. तो दुसऱ्याच पातीत गेलेला होता, त्यामुळे एडवर्ड यांनी त्याचा विचार कधी केला नव्हता. मग त्या पातीतला एक दूरचा चुलतभाऊ निपुत्रिक वारला आणि साठीला आलेला सर्व्हेअर एका सकाळी लॉर्ड केल्डन झाला.

त्यांची मुलाखत मी घेतली. किताबाबरोबर काय आलं, असं विचारलं.

"एक खोकं," ते म्हणाले. "त्यात एक लाल झगा. फरच्या कॉलरला कसर लागलेली. जमीन नाही, पैसा नाही. पार्लमेंटात बसायचा हक्क असल्यांचा केव्हाच काढून घेतला. राहिलं फक्त नाव."

आतून रशिदाभाभींचा आवाज आला. "ती कॉलर कुठल्या जनावराची ते आधी विचारा तुमच्या राजाला. तोवर ते खोकं गॅलरीत."

खोकं गॅलरीतच राहिलं. त्या दिवशी एडवर्ड यांनी मुलांची ओळख करून दिली. जुळे होते, हसन आणि हुसेन. "हा हसन, थोरला. माझ्यामागे ही कटकट याची." हसन तेव्हा नुकताच अॅबर्डीनची नोकरी सोडून वडिलांच्या फर्ममध्ये परतला होता. हुसेन लेस्टरच्या शाळेत भौतिकशास्त्र शिकवत होता आणि सुट्टीसाठी आला होता. दोघांचे चेहरे सारखे, पण ओळखायला अडचण नव्हती. फोन वाजला की उठणारा तो हसन.

एडवर्ड ऐंशी ओलांडून गेले. मृत्युलेख आमच्याकडे तयार होता. असले लेख माणूस जिवंत असतानाच लिहून ठेवतात आणि तारखेची जागा मोकळी सोडतात. पहाटे बातमी कळली, सकाळी मी दस्मानला गेलो. हुसेन वडिलांच्या आजारपणामुळे आधीच आला होता. बैठकीत घरचेच पुरुष बसले होते. रशिदाभाभींची इद्दत, विधवेने पाळायचा एकांतवास, सुरू झाली होती, म्हणून त्या आतल्या खोलीत होत्या आणि माझ्याशी पडद्याआडून बोलत होत्या. वय, गाव, कामाची वर्षं, सगळं जुळलं. राहिलं शेवटचं वाक्य. जुळ्यांच्या बाबतीत आधी कोण हे विचारायचंच असतं, मग ते सगळ्या पुस्तकांत छापलेलं असलं तरी.

"भाभी, हसन मोठा ना?"

"हां तर. हसन थोरला."

"किती वेळाने मोठा?"

"हुसेन आला, मग सुईण चहा प्यायली, मग हसन."

मी लिहिणं थांबवलं. "म्हणजे हुसेन आधी आला?"

"हुसेन आधी. म्हणून तर हसन थोरला." मला कळलं नाही असं वाटून त्यांनी आवाज चढवला. "अहो भाऊ, होडीत जो आधी चढतो तो आत सरकून बसतो. धक्का आला की तो शेवटी उतरतो. हसन आधी बसलेला. आमच्या अम्मानं सांगितलं, हा थोरला, याचं नाव हसन ठेवा. तुमच्यात नाही मानत?"

"मानतात," मी म्हटलं. ते खरं होतं. माझ्या मावशीच्या जुळ्यांत मागून आलेल्यालाच आम्ही दादा म्हणतो.

"मग झालं तर."

बाळंतपण माहेरी, हर्णैला झालं होतं. एडवर्ड तेव्हा कुवेतला होते. ते पोचले तेव्हा सासूबाईंनी आधी हसनला त्यांच्या हातात दिलं आणि हा थोरला म्हणून सांगितलं. थोरला याचा अर्थ विचारावा लागतो, हे त्या इंग्रज माणसाला सुचण्याचं कारण नव्हतं. पुढचे सगळे कागद त्या एका वाक्यावर झाले.

मी मागे पाहिलं. हसन दारात उभा होता, कानाला फोन. हुसेन सोफ्यावर. दोघांनी ऐकलं होतं. फोनवर पलीकडून कोणी तरी दफनाची वेळ सांगत होतं आणि हसन ती दुसऱ्यांदा विचारत होता.

ते दोघे मला सोडायला खाली पार्किंगपर्यंत आले. आधी हुसेन बोलला.

"अंकल, अम्मी काहीही बोलते. शी इज इन शॉक."

"अम्मी काहीही बोलत नाही," हसन म्हणाला. "कायदा काय म्हणतो?"

"जो आधी जन्मला तो."

"होडीबिडी नाही?"

"नाही."

"फाइन," हुसेन म्हणाला. "मला नको. कुठे सही करू? घे रे, तुझं तू घे."

"नाकारता येतं," मी सांगितलं. "पण नाकारलं की ते भावाला मिळत नाही. तुम्ही आहात तोवर ते कोणाचंच नाही."

"आणि मी क्लेमच नाही केला तर?"

"तरी तेच. झोपून राहील. हसनना ते तुमच्यानंतरच मिळेल."

हसनने ते सावकाश पुन्हा म्हटलं. "म्हणजे हा आहे तोवर मी नाही."

"वा," हुसेन म्हणाला. "आजपासून मी तुझ्या गाडीत बसत नाही."

हसन हसला नाही. दोघांचाही चेहरा रात्रभर जागलेला होता. गाड्यांच्या टपांवर ऊन आलं होतं आणि तो किल्ली हातातल्या हातात फिरवत होता.

"मला लॉर्ड होऊन काय करायचंय, अंकल? बँकेत त्याचा उपयोग नाही, इथल्या म्युनिसिपालिटीत नाही. पण अॅबर्डीन कोणी सोडलं? मामूंच्या घराचं छप्पर, खालाच्या मुलींची लग्नं, पप्पांचं डायलिसिस. प्रत्येक वेळी एकच, हसन तू थोरला. हा लेस्टरला बसून फोनवर म्हणतो, तू बघ ना, तू थोरला."

"म्हणतो," हुसेन म्हणाला. "सगळे म्हणायचे, म्हणून मीही."

"मग हे सगळं मी कोण म्हणून केलं?"

माझ्याकडे कायद्याची माहिती होती, ती देऊन झाली होती.

"तुम्ही काय छापणार?" हसनने विचारलं. "सगळ्या कागदांवर थोरला मीच आहे. बाहेरचं कोणी ऐकलं असेल तर तुम्ही."

"संध्याकाळी पान छपाईला जातं. खोटं आहे हे ठाऊक असलेलं वाक्य मी छापणार नाही. गाळू शकतो. पण लॉर्डच्या मृत्युलेखात वारस गाळला की लोक विचारतात, का गाळला."

"आणि विचारलं तर?"

"मी ऐकलेलं कोणाला सांगणार नाही. ते तुमचं घर आहे. फक्त उलटं लिहिणार नाही."

हसन मान हलवून वर गेला. हुसेन मागे राहिला. "अंकल," तो म्हणाला, "आय डोन्ट नो हाऊ टू बी मोठा. मला येतच नाही ते."

दफन असरच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या, नमाजानंतर सुलैबिखातच्या कब्रस्तानात झालं. मी बाहेरच्या बाजूला उभा होतो. बातमीदाराची सवय, जे दिसतं ते डोक्यात टिपलं जातं. मुलांनी कबरीत उतरून वडिलांना हातात घ्यायचं होतं. आधी हसन उतरला आणि पलीकडच्या टोकाला सरकला. मग हुसेन उतरला. वरून एडवर्ड यांना खाली दिलं गेलं, दोघांनी त्यांना उजव्या कुशीवर, तोंड किब्ल्याकडे, मक्केच्या दिशेला, करून ठेवलं. वर यायची वेळ झाली तेव्हा हुसेनला चढता येईना. कडेची वाळू निसटत होती. हसनने दोन्ही हातांची बोटं गुंतवून त्याच्या पायाखाली धरली आणि त्याला वर लोटलं. मग स्वतः आला, शेवटी. कोणाचं त्याकडे लक्ष गेलं असेल असं वाटत नाही.

कार्यालयात आलो. लेख पानावर बसला होता, शेवटची ओळ मोकळी होती. कुरियन दोनदा येऊन गेले.

"लाइन है कि नहीं?"

"पूछा है."

"घरवालों को ही नहीं मालूम?"

"मालूम है. इसीलिए देर है."

कुरियननी आणखी काही विचारलं नाही. काम येणाऱ्या संपादकाची ही एक खूण. मी दुसऱ्या पानांच्या बातम्या तपासायला घेतल्या. त्या दिवशीच्या माझ्या हातच्या एका बातमीत क्रिकेटचा धावफलक चुकला, हे दुसऱ्या दिवशी कळलं. पान जायच्या थोडं आधी फोन वाजला.

"अंकल, हसन बोलतोय. लिहून घ्या. वारस, थोरला मुलगा हुसेन."

"दोघांचं ठरलं?"

"त्याला विचारलं नाही. विचारलं तर नाही म्हणेल."

"हसन, ओळ गाळली तरी चालेल. मी सकाळीच सांगितलं होतं."

"गाळली तर उद्यापासून प्रत्येक माणूस मला लॉर्ड म्हणेल, आणि मी गप्प बसेन. रोज गप्प बसेन. त्यापेक्षा तुमच्या पेपरात एकदा येऊ दे." तो पुढे म्हणाला, "आणि घरातलं कठीण काम कोणी करायचं, ते आमच्याकडे ठरलेलंय ना."

मी ओळ टाकली. लॉर्ड केल्डन यांच्या मागे पत्नी आणि दोन मुलगे. किताबाचे वारस ज्येष्ठ पुत्र हुसेन. पान गेलं.

दुसऱ्या दिवशी इंग्रजांपैकी कोणाचं पत्र आलं नाही. एक फोन आला, तो रशिदाभाभींचा. नातीने, हसनच्या मुलीने, लेख वाचून दाखवला होता.

"भाऊ, सगळं नीट लिहिलंत. त्यांचं काम, आमचं गाव, सगळं. पण पोरांची नावं उलटी छापलीत. हसन थोरला. मी स्वतः तुम्हाला सांगितलं होतं."

"सांगितलं होतं, भाभी."

"मग उद्याच्या पेपरात सुधारणा टाका."

खोट्या मजकुराच्या सुधारणा मी आयुष्यभर टाकल्या. खरं छापल्याबद्दल सुधारणा मागणारं गिऱ्हाईक हे एकच. कुरियनच्या नियमाप्रमाणे का छापणार नाही ते त्यांना सांगायला हवं होतं. मी "बघतो" म्हटलं.

हुसेनने अजून दावा केलेला नाही, किताब नाकारलेलाही नाही. तो लेस्टरला मुलांना प्रकाशाचं परावर्तन शिकवतो. त्याने लग्न केलं नाही. हसन कुवेतला फर्म चालवतो; त्याला दोन मुली आहेत आणि नियमाप्रमाणे त्या मोजल्या जात नाहीत. त्या पणजोबांचा दुसरा पुरुष वंशज हयात नाही. म्हणजे हे दोघे भाऊ गेले की बॅरन केल्डन हा किताब संपेल. तोपर्यंत तो झोपलेला आहे. वर्षातून दोनदा हुसेन आईला भेटायला जातो, तेव्हा विमानतळावर हसन घ्यायला येतो. कोणाच्या गाडीत कोण बसतो, हा विनोद दोघांत अजून चालतो, असं ऐकतो.

माझी झोप मात्र सावध झाली आहे. नाशिकला सकाळी उठून मी फोनवर आधी लेस्टरच्या बातम्या बघतो, मग कुवेतच्या. घरची मंडळी हसतात. भाभींची सुधारणा छापण्याजोगी होण्याचा एकच मार्ग आहे. हुसेन आधी जायला हवा, हसन मागे राहायला हवा. मग हसन लॉर्ड केल्डन होईल आणि आईचं म्हणणं पानावर येईल. हे त्यांना कोणी सांगितलेलं नाही. हसनने नाही, हुसेनने नाही, मी नाही.

दर ईदला त्यांचा फोन येतो. तब्येत, पाऊस, माझ्या गुडघ्याची चौकशी, आणि मग ते.

"भाऊ, ती सुधारणा राहिलीच की."

"राहिली, भाभी."

"किती उशीर लावता तुम्ही पेपरवाले!"

"लागू दे, भाभी," मी म्हणतो. "लागू दे उशीर."